हरबाने पोरं शाळेत सोडली

एका गावात एक भोळा बाप होता. त्याचं नाव हरबा. बांबूच्या टोपल्या, सुपं, कोंबड्यांची डालगी विणायचा. हात असे चालायचे, की बघणाऱ्याने बघतच राहावं. डोकं मात्र सरळ चालायचं. इतकं सरळ, की त्याला वळण म्हणून माहीत नव्हतं.

बायको गिरजा एकदा त्याला म्हणाली होती, "जरा दुधावर लक्ष ठेवा." हरबाने लक्ष ठेवलं. दूध उतू गेलं, चूल विझली, मांजर आलं, तरी त्याचं लक्ष हललं नाही. गिरजा आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. दूध कधी वर आलं, कुठल्या बाजूने आधी सांडलं आणि मांजराने कुठून चाटायला सुरुवात केली.

हरबाला जुळी पोरं होती. मुलगी शेवंती आणि मुलगा सुभाना. घरात शेवी आणि सुभ्या. गिरजा दिवसभर लोकांच्या मळ्यात कामाला जायची, त्यामुळे पोरं वाढली ती हरबाच्या अंगणात. एक पाठीवर, एक नव्या टोपलीत. पोर आत नीट बसलं की टोपली बरोबर झाली, असं हरबाचं माप होतं. पोरं वाढत गेली तशा टोपल्याही वाढत गेल्या. गिऱ्हाइकं विचारायची, "हरबा, तुझी टोपली दर वर्षी मोठी का होते रे?" हरबा म्हणायचा, "खातात चांगलं."

बघता बघता पोरं सहा वर्षांची झाली. एक दिवस लोखंडे बाई अंगणात आल्या. गावची शाळा एका खोलीची. पहिलीपासून चौथीपर्यंत सगळ्यांना बाई एकट्याच शिकवायच्या. त्यांनी वहीत शेवीचं आणि सुभ्याचं नाव लिहून घेतलं. म्हणाल्या, "हरबा, सोमवारी सकाळी दोघांना शाळेत आणून सोडा."

"सोडू?"

"हो, सोडा."

"दोघांनाही?"

"दोघांनाही."

सहा वर्षांत त्याने पोरांना कधी सोडलं नव्हतं. पण बाई शिकलेल्या. त्या चुकीचं कशाला सांगतील? हरबाने मान डोलावली. खांद्यावरच्या पंच्याला एक गाठ मारली. विसरायला नको.

सोमवार उजाडला. हरबा पोरांना घेऊन निघाला. त्याने वाटेत विचार केला, सोडायचं म्हणजे आधी धरलेलं पाहिजे. म्हणून त्याने दोघांचे हात घट्ट धरले. शाळेच्या मैदानात मधोमध जाऊन उभा राहिला. डोळे मिटले. दोन्ही हात एकदम उघडले आणि शेळ्या सोडताना ओरडतात तसा ओरडला, "हुर्रर्र!"

पोरं सुटली. शेवी चिंचेच्या झाडाकडे पळाली आणि शेंड्याला जाऊन बसली. सुभ्या ओढ्याकडे पळाला आणि गळ्यापर्यंत आत शिरला. बाई हातात खडू घेऊन धावत बाहेर आल्या. एकीला झाडावरून काढायचं आणि एकाला पाण्यातून, यातच दुपार झाली. त्या दिवशी शाळेत कोणी काही शिकलं नाही.

"अहो हरबा," बाई धापा टाकत म्हणाल्या, "सोडायचं म्हणजे असं नाही! शाळेच्या दारात आलं की हात धरून आत आणायचं. पाटावर बसवायचं. हातात पाटी द्यायची. 'अ' काढ म्हणायचं. जमलं की शाब्बास म्हणायचं."

"असं होय!" हरबा म्हणाला. "मग आधी सांगायचं की, बाई."

त्याने पंच्याला गाठ मारली. विसरायला नको.

मंगळवारी पोरं उजाडतानाच उठली. शेजारच्या गंगीबरोबर हरबाच्या आधीच शाळेत पळाली आणि आपापल्या पाटावर जाऊन बसली. हरबा मागून पोचला. बघतो तर शाळेच्या दारात सरपंच आप्पा उभे. शाळेची कौलं गळतात, ती बघायला आले होते.

हरबाने विचार केला, दारात आलं की हात धरून आत आणायचं. त्याने आप्पांचा हात धरला.

"अरे, काय करतोस हरबा?"

"चला आप्पा. घाबरायचं नाही. आत बाई गोष्टी सांगतात."

आप्पा अंगाने भारी, पण हरबाचा बांबू वाकवणारा हात. त्याने आप्पांना आत आणलं, सुभ्याच्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि हातात पाटी दिली. "काढा बरं 'अ'."

सगळा वर्ग माना वळवून बघू लागला. आप्पा वीस वर्षं शाळेच्या समितीवर होते, पण पाटी हातात धरायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. सही तेवढी यायची, तीही घाईत. चोवीस पोरांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी घाम पुसला. पाटीवर काहीतरी काढलं. ते तांब्यासारखं दिसत होतं.

"शाब्बास!" म्हणत हरबाने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली, की आप्पांचा फेटा पुढच्या पोराच्या मांडीत पडला.

आप्पा फेटा उचलून निघून गेले. कौलं बघायची राहिली.

त्यानंतर हरबा दिवसभर खिडकीशी उभा राहिला. घरी जाऊन करायचं काय? रिकामं घर नुसतं कानात वाजत होतं. खिडकीतून पोरं दिसली की तो डोळे पुसायचा. हरबाने डोळे पुसले की आत शेवी रडायची. शेवी रडली की सुभ्या. मग बाहेर हरबा. आधी कोणी सुरुवात केली, ते कोणालाच सांगता येईना. संध्याकाळपर्यंत अर्धा वर्ग रडत होता.

बाईंनी हरबाला बाजूला घेतलं. "हरबा, तुमची पोरं तेवढी आणत जा. सरपंचांना आणू नका. आणि तुम्ही इथे थांबता, म्हणून ती रडतात. पोरांना वर्गात बसवलं, की मागे वळून बघायचं नाही. सरळ चालत जायचं."

"मागे वळायचं नाही?"

"अजिबात नाही."

"सरळ?"

"सरळ."

"मग आधी सांगायचं की, बाई." हरबाने पंच्याला गाठ मारली.

बुधवारी त्याने पोरांना हात धरून आणलं, पाटावर बसवलं, पाट्या दिल्या. शेवीने हाक मारली, "आबा!" पण तो वळला नाही. सरळ चालू लागला.

आता गोष्ट अशी, की हरबाचं घर शाळेच्या मागच्या अंगाला, गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. शाळेसमोर होतं चवळीचं शेत. हरबा चवळीतून गेला. पुढे ओढा होता, ओढ्यातून गेला. पुढे टेकडी होती, टेकडीवरून गेला. टेकडीपलीकडे दुसरं गाव होतं. त्या गावात एका घराची पडवी सरळ रेषेत आली, तर हरबा पडवीतून आत शिरला, माजघरातून गेला, जेवायला बसलेल्यांना रामराम केला आणि परसदारातून बाहेर पडला.

गावाबाहेर एक म्हातारा शेतकरी बांध घालत होता. त्याने विचारलं, "पाव्हणं, कुठं निघालात?"

"घरी."

"कुठलं गाव?"

हरबाने गावाचं नाव सांगितलं.

"अहो, ते मागं राहिलं दोन कोस! मागं वळा."

"वळायचं नाही. बाईंनी सांगितलंय."

"मग घरी जाणार कसं?"

"तेच कळेना," हरबा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. तिकडे पोरांची शाळा सुटायची वेळ झाली असणार.

म्हातारा वैतागला. "मग न वळता जा. उलटा चालत जा!"

"मग आधी सांगायचं की, बाबा!" हरबा म्हणाला, आणि पाठमोरा निघाला. टेकडी चढला पाठमोरा. उतरला पाठमोरा, थोडा घसरत. ओढ्यात दोनदा बसला. चवळीच्या शेतात राखणदाराने बघितलं, एक माणूस शेतात पाठमोरा येतोय, म्हणजे जातोय, म्हणजे येतोय. त्याने हाकलायची काठी उचलली आणि कुठल्या बाजूला हाकलायचं ते न समजून खाली ठेवली.

दिवेलागणीला हरबा अंगणात पोचला. आधी त्याची पाठ पोचली.

पोरं घरातच होती. शाळा सुटल्यावर दोघं पायरीवर बसून राहिली होती. बाई त्यांच्याजवळ बसून होत्या. सुभ्याने त्यांना विचारलं होतं, "आबा हरवले का?" मळ्यातून परतताना गिरजाने त्यांना बघितलं आणि घरी आणलं.

गिरजा आधी रडली आणि मग चिडली. "अहो, पोरं दारात बसून वाट बघत होती! उद्यापासून लक्षात ठेवा. घंटा वाजली की पळत जायचं. जो कोणी बाहेर येईल..." इथे ती थांबली, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आपलं पोर बाहेर येईल, त्याचं आधी नाक पुसायचं. डबा खाल्ला का विचारायचं. खाल्ला नसेल तर रागवायचं."

"घंटा वाजली की?"

"घंटा वाजली की."

हरबाने गाठ मारली.

गुरुवारी त्याने पोरांना पोचवलं आणि पाठमोरा घरी येऊन पंचा हातात घेऊन बसला. बांबूच्या कामट्या समोर पडल्या होत्या, पण विणायचं मन होईना. कान घंटेकडे. दुपारी घंटा वाजली. घणघण, घणघण.

हरबा सुसाट पळाला. आवाज जिकडून येत होता तिकडे पळाला.

ती दत्ताच्या देवळाची घंटा होती. गुरुवारची आरती संपली होती आणि देवळातून सगळ्यांत आधी बाहेर आली रंगूआत्या. रंगूआत्या म्हणजे पंचाहत्तर वर्षांची, काठी टेकणारी, आणि गावात कोणालाही न घाबरणारी बाई. तिच्या दारावरून जाताना सरपंचसुद्धा वहाणा हातात घ्यायचे.

हरबा धावत गेला. डाव्या हाताने तिचं डोकं धरलं आणि उजव्या हातातल्या पंच्याने तिचं नाक पुसलं. चांगलं पुसलं, दोन्ही बाजूंनी.

"डबा खाल्लास का गं?"

रंगूआत्या म्हणाली, "उपास आहे मेल्या माझा!"

"म्हणजे खाल्ला नाहीस!" हरबा रागावला. रागवायचंच होतं. "आईने पहाटे उठून डबा करायचा आणि तू तसाच परत आणायचा? असं केलंस तर उद्या ओढ्यावर न्यायचं नाही!"

पुजाऱ्याच्या हातातलं आरतीचं ताट तिरकं झालं. मग रंगूआत्याची काठी वर गेली आणि हरबाच्या पाठीवर खाली आली.

"थोरामोठ्यांशी असं वागतात? नाक पुसतोस माझं? मोठं माणूस समोर आलं की आडवं पडावं. पायावर डोकं ठेवावं. आणि ते 'ऊठ' म्हणेपर्यंत उठू नये. कळलं?"

"मोठं माणूस समोर आलं की?"

"हो!"

"'ऊठ' म्हणेपर्यंत?"

"हो, हो, हो!"

"मग आधी सांगायचं की, आत्या," हरबा पाठ चोळत म्हणाला. गाठ मारली. पंचा आता निम्मा गाठींचा झाला होता. तिथून तो शाळेत पळाला आणि शाळा सुटायच्या आत पोचला. शेवी त्याच्या गळ्यात पडली. सुभ्याने स्वतःहून नाक पुढे केलं. तो दिवस बरा गेला म्हणायचा.

शुक्रवारी हरबा वेळेआधीच शाळेच्या दारात हजर होता. घंटा झाली. बाईंनी आतून आवाज दिला, "हरबा, दारातून बाजूला व्हा. आधी मोठी पोरं बाहेर येतात!"

मोठी?

हरबा दारात आडवा पडला. उंबऱ्याला डोकं लावलं, डोळे मिटले.

चौथीतला दौलत सगळ्यांत पुढे होता. तो हरबाला अडखळून पडला. त्याच्यावर तिसरीतला पडला. त्याच्यावर दोघी बहिणी, त्यांच्यावर दप्तरं, दप्तरांवर दुसरी आणि तिच्यावर पहिली. सगळ्यांत वर शेवी आणि सुभ्या येऊन बसले. त्यांना वाटलं, हा आबांचा नवीन खेळ आहे.

ढिगाऱ्यातून आवाज येत होते. "सरका!" "माझा पाय!" "बाजूला हो!" हरबा खालून सगळं ऐकत होता. पण 'ऊठ' कोणी म्हणेना.

बाई ओरडल्या, "हरबा, उठा!"

हरबाने खाली पडूनच विचार केला. आत्याने 'ऊठ' सांगितलं होतं. 'उठा' नाही. तो पडून राहिला.

शेवटी शेवीच वरून वाकून म्हणाली, "आबा, ऊठ की रे!" तेव्हा हरबा उठला. मग सगळे पडले.

पोरं घरी गेल्यावर बाई पायरीवर बसल्या. हरबाही खालच्या पायरीवर बसला. गुडघा सोललेला, केसांत खडूची पूड.

"हरबा," बाई म्हणाल्या, "खरं सांगा. तुम्हाला मला त्रास द्यायचा असतो का?"

"नाही बाई. तुम्ही सांगता तसंच मी करतो."

"मग असं का होतं?"

हरबाने केसांतली पूड झटकली. मग म्हणाला, "बाई, घर रिकामं वाटतं. सकाळी टोपली विणायला घेतली, की हात आपोआप थांबतात. वाटतं, आता शेवी कामटी ओढेल. ओढतच नाही कोणी. टोपली एका दमात पूर्ण होते. अशी टोपली कधी झाली नव्हती माझी. मला ती बघवत नाही."

बाईंना वाईट वाटलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, पोरं कुठे परक्या ठिकाणी जात नाहीत. शाळा म्हणजे घरच आहे. असंच समजायचं. आजपासून तुम्ही मनाशी म्हणा, शाळा हेच आपलं घर."

हरबाचा चेहरा उजळला. "शाळा हेच आपलं घर?"

"हो."

"आमचं चौघांचं?"

"तुमचं सगळ्यांचं," बाई हसून म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता याला समजलं.

"मग आधी सांगायचं की, बाई!" हरबाने इतक्या आनंदाने गाठ मारली, की पंचा फाटला.

रविवारी शाळा बंद होती. गिरजा भावाच्या मुलीच्या बारशाला माहेरी गेली होती, सोमवारी दुपारी यायची होती. हरबाने पोरांना हाताशी घेतलं आणि बिऱ्हाड हलवलं. चुलीचे तीन दगड, पाटा-वरवंटा, रांजण, गोधड्या, बांबूचा भारा, डालग्यातल्या सहा कोंबड्या आणि शेळी. शाळेला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. शेवीने जागा दाखवली, चूल फळ्याखाली मांडू. सुभ्याने रांजण बाईंच्या खुर्चीशेजारी ठेवला, म्हणजे बाईंना तहान लागली की लांब जायला नको. संध्याकाळी तिघांनी पिठलं-भाकरी खाल्ली. आठवड्यात पहिल्यांदा हरबा पोटभर जेवला.

सोमवारी बाई लवकर आल्या. त्या दिवशी तालुक्याचे साहेब शाळा तपासायला येणार होते. बाई नवी साडी नेसल्या होत्या. आठवडाभर त्यांना झोप नव्हती. शाळा नीटनेटकी दिसली नाही तर शेरा वाईट पडायचा.

पायरीवर हरबा कडुलिंबाच्या काडीने दात घासत बसला होता.

"या बाई, बसा," तो म्हणाला. "घर आपलंच आहे."

बाई आत गेल्या. फळ्यावर काजळी धरली होती. टेबलावर कोंबडा उभा होता आणि बाईंकडे असा बघत होता, की उशीर का झाला. खडूच्या डबीत बाईंच्या हाताला जे लागलं ते खडूसारखंच पांढरं होतं, फक्त गोल आणि ऊन. शेळीने भिंतीवरचा नकाशा ओढून काढला होता आणि कोकण संपवून ती देशावर आली होती.

बाहेर मोटारीचा भोंगा ऐकू आला. फाट्यावर साहेब उतरले होते. त्यांना आणायला जायला हवं होतं. रागवायलाही वेळ नव्हता.

"हरबा!" बाई म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता. "अहो, माझी नोकरी जाईल हो! शाळेचं सामान शाळेत आणि घरचं सामान घरात. एवढं तरी कळतं ना? मी साहेबांना सरपंचांकडे चहाला नेते. परत येईपर्यंत सगळं जागच्या जागी पाहिजे!"

"शाळेचं सामान शाळेत?"

"हो!"

"घरचं सामान घरात?"

"हो! हो!" म्हणत बाई पळाल्या.

हरबा वर्गात मधोमध उभा राहिला. बाईंचा रडवेला आवाज त्याला लागला होता. चुकून चालणार नव्हतं. म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा नीट विचार केला. बोटं मोजत केला.

घरचं सामान घरात. घर कुठलं? शाळा हेच आपलं घर, बाईंनीच सांगितलंय. मग चूल, रांजण, कोंबड्या, शेळी, सगळं घरातच आहे. ते काम झालं.

आता शाळेचं सामान शाळेत. पण शाळा जर आपलं घर झाली, तर शाळा कुठे गेली?

हरबाने खूप विचार केला. गावात एकच जागा रिकामी होती.

तोवर पोरं जमली होती. हरबाने त्यांना सांगितलं, "चला रे, बाईंची नोकरी वाचवायची आहे." पोरांना बाई आवडायच्या. चोवीस पोरं कामाला लागली. फळा दौलतने आणि तिसरीतल्या चौघांनी उचलला. पाट डोक्यावर निघाले. खुर्ची, टेबल, घड्याळ, घंटा, हजेरीची वही, उरलेला नकाशा. शेवटी हरबाने दारावरची 'प्राथमिक शाळा' अशी पाटी काढली आणि छातीशी धरून स्वतः नेली.

चहा झाला, पोहे झाले, सरपंचांनी जरा घुटमळत शाळेचं कौतुक केलं, आणि बाई साहेबांना घेऊन शाळेत आल्या. बाई दारात थबकल्या. साहेब पुढे गेले.

आत चूल पेटलेली होती. दोरीवर गोधड्या वाळत होत्या. शेळी रवंथ करत होती. एक कोंबडी साहेबांच्या बुटावरून निवांतपणे चालत गेली.

साहेब चटकन मागे सरकले. "माफ करा बाई, आपण कोणाच्या तरी घरात शिरलो."

तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. चोवीस गळ्यांचा. "बे एके बे! बे दुणे चार!"

दोघं आवाजाच्या दिशेने गेले. हरबाच्या घरावर 'प्राथमिक शाळा' अशी पाटी लागली होती. ओटीवर फळा, अंगणात पाटांच्या रांगा, आंब्याला घंटा. पोरं ताठ बसून पाढे म्हणत होती. शेवी आणि सुभ्या सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठ्या आवाजात.

हरबा हात जोडून समोर आला. "बघा बाई. शाळेचं सामान शाळेत, घरचं सामान घरात. सगळं जागच्या जागी."

बाई पाटावर बसल्या.

साहेबांनी एकदा घराकडे बघितलं, एकदा पाटीकडे. मग त्यांनी पोरांना प्रश्न विचारले. पाढे विचारले, कविता विचारली. पोरांनी धडाधड सांगितलं. साहेबांनी विचारलं, "बाई, इथे कौलं गळत नाहीत वाटतं?"

"नाही साहेब," हरबा म्हणाला, "गळतात ती घरची."

तेवढ्यात गिरजा माहेराहून आली. डोक्यावर गाठोडं, चालून चालून घसा कोरडा. एवढी माणसं अंगणात बघून ती पदर सावरत थेट आत शिरली. म्हटलं, आधी चहा टाकावा. आतून भांड्याचा आवाज आला नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हजेरीची वही होती.

"अहो, माझी चूल कुठाय?"

"घरी," हरबा म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"शाळा."

साहेब हसायला लागले. चष्मा नाकावरून घसरला तरी हसत राहिले. ते हसले म्हणून पोरं हसली. पोरं हसली तशी बाईंच्या जिवात जीव आला. साहेबांनी वहीत शेरा लिहिला, 'मुलांची तयारी उत्तम. शाळा शोधावी लागली.' आणि म्हणाले, "बाई, आज इथेच भरू दे. सामान उद्या हलवा. पण यांना सांगू नका, तुम्ही स्वतः हलवा."

ऊन कललं. हरबाने स्वतःच्या हाताने घंटा वाजवली. पोरं आपापल्या घरी पळाली. हरबाने एका हाताने शेवीला धरलं, दुसऱ्या हाताने सुभ्याला. दाराला बाहेरून कडी घातली.

"चल गं गिरजा," तो म्हणाला, "शाळा सुटली. घरी जाऊ."

आणि तो शाळेच्या रस्त्याला लागला. गिरजाने कपाळावर हात मारला, गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि मागोमाग गेली. करणार काय? चूल तिकडे होती.